पांढऱ्या झाडाचा माणूस

मी मूळचा ठाण्याचा. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचं, नोकरी सॉफ्टवेअरची आणि गेली चार वर्षं मुक्काम इंग्लंडमध्ये, लंडनच्या पश्चिमेला रेडिंग या गावी. झाडापानांतलं मला काही कळतं असा दावा नाही. लहानपणी बाबा रविवारी येऊरच्या जंगलात फिरायला न्यायचे, रस्त्याने प्रत्येक झाडाचं नाव विचारायचे आणि मी दरवेळी चुकायचो, एवढाच माझा वनस्पतिशास्त्राचा अभ्यास. तरीही आज एका निसर्गअभ्यासकाबद्दल लिहितोय. त्याचं कारण आमच्या ऑफिसच्या पार्किंगमधलं एक झाड.

झाड कसलं, झाडांची रांगच आहे. हिवाळ्यात इथे सगळी झाडं काळपट, ओकीबोकी दिसतात. त्यात या रांगेची खोडं मात्र चुन्याने रंगवल्यासारखी पांढरीशुभ्र. साल कागदासारखी पातळ, पापुद्रे सुटणारी. गेल्या जानेवारीत मी ती रोज दुपारी बघत होतो, कारण माझ्याकडे दुसरं काम नव्हतं. कंपनीने माणसं कमी करायचं ठरवलं आणि यादीत माझं नाव निघालं. आमच्यासारख्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी संपली की साधारण ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. नोटीस पिरियडमध्ये काम काढून घेतलेलं, हजेरी मात्र लावायची. मग जेवणाच्या सुट्टीत मी पार्किंगला चकरा मारायचो. एका झाडाला छोटी पाटी होती. बेटुला युटिलिस, प्रकार जॅकमाँटी, मूळ स्थान पश्चिम हिमालय.

हिमालय वाचून थांबलो. फोनवर शोधलं तर कळलं, हे आपलं भूर्ज. ज्याच्या सालीवर, म्हणजे भूर्जपत्रावर, काश्मीरकडच्या पंडितांनी शेकडो वर्षं पोथ्या लिहिल्या तेच हे झाड. आणि जॅकमाँटी हे एका माणसाच्या नावावरून आलंय. व्हिक्टर झाकमाँ, फ्रेंच निसर्गअभ्यासक, जन्म पॅरिस १८०१, मृत्यू मुंबई १८३२.

मृत्यू मुंबई! पार्किंगमध्ये उभ्या उभ्याच पुढचं वाचत गेलो आणि पुढचे दोन महिने, नोकरीचे अर्ज भरता भरता, या माणसाच्या मागे लागलो. त्याचीच ही गोष्ट.

व्हिक्टरचा जन्म फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या धामधुमीतला. घर विचारवंतांचं. वडील व्हेन्सेस्लास हे तत्त्वज्ञानात रमणारे, सरकारी पदांवर राहिलेले, पण नेपोलियनच्या एकछत्री कारभाराला न मानणारे. सरकारविरोधी कटात हात असल्याच्या संशयावरून त्यांना तुरुंगात जावं लागलं. तेव्हा व्हिक्टर शाळकरी वयाचा होता. म्हणजे राजकारण घरात शिरलं की काय होतं, हे या मुलाने फार लवकर पाहिलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला प्रसिद्ध सेनापती लाफायेत हा या कुटुंबाचा स्नेही.

व्हिक्टर आधी रसायनशास्त्राकडे वळला. प्रयोगशाळेतल्या एका अपघातात विषारी वायू छातीत गेला, तब्येत ढासळली आणि हवापालटासाठी त्याला लाफायेतच्या गावाकडच्या घरी पाठवलं. तिथे मोकळ्या हवेत त्याला झाडांची गोडी लागली. पुढे वनस्पती आणि भूगर्भ हे त्याचे विषय झाले. पण तो पुस्तकी किडा नव्हता. उंच, सडपातळ, बोलण्यात तरबेज, संगीताचा वेडा. नंतर मोठे कादंबरीकार म्हणून गाजलेले स्तांदाल आणि मेरिमे हे त्याचे बैठकीतले मित्र.

पंचविशीत तो एका ऑपेरा गायिकेच्या प्रेमात पडला. प्रेम काही तडीस गेलं नाही. मन वळवायला म्हणून घरच्यांनी त्याला समुद्रापार धाडलं. अमेरिका पाहून तो हैतीला गेला, तिथे त्याच्या एका भावाचा व्यवसाय होता. हैती म्हणजे गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र केलेला देश. स्वातंत्र्य मान्य करायची किंमत म्हणून फ्रान्सने १८२५ मध्ये त्यांच्यावर १५ कोटी फ्रँकची भरपाई लादली होती. व्हिक्टर तिथे पोहोचला तेव्हा हे ओझं ताजं होतं. झाडं गोळा करायला गेलेल्या माणसाच्या नजरेसमोर आधी राजकारणच आलं. पुढेही आयुष्यभर असंच होत राहिलं.

हैतीत असतानाच पॅरिसहून निरोप आला. तिथल्या राजाच्या बागेला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय निसर्ग संग्रहालयाला, हिंदुस्थानात एक अभ्यासक पाठवायचा होता. झाडं, प्राणी, खडक, सगळ्याचे नमुने जमवायचे आणि पॅरिसला धाडायचे. व्हिक्टरने होकार कळवला. पगार वर्षाला ६,००० फ्रँक. ऐकायला बरा वाटतो, पण त्यातच प्रवास, नोकर, बैल, तंबू आणि नमुन्यांच्या पेट्या, सगळं भागवायचं. आपल्यापैकी जे ऑनसाइटच्या भत्त्यात बिऱ्हाड चालवून दोन पैसे मागे टाकतात, त्यांना हे गणित कळेल.

ऑगस्ट १८२८ मध्ये ब्रेस्ट बंदरातून जहाज निघालं. रिओ, आफ्रिकेचं दक्षिण टोक, बूरबाँ बेट, पुदुच्चेरी असं करत मे १८२९ मध्ये तो कलकत्त्याला उतरला. जवळपास नऊ महिने! आपण मुंबई-लंडन नऊ तासांत येतो आणि पाय आखडले म्हणून कुरकुरतो.

कलकत्त्यात हा परका माणूस होता. शहर कंपनी सरकारचं, आणि नेपोलियनशी झालेली युद्धं संपून जेमतेम १४ वर्षं लोटली होती. फ्रेंच माणूस नकाशे, खडक बघत फिरतोय म्हटल्यावर इंग्रजांच्या मनात पहिला प्रश्न यायचा तो हेरगिरीचा. व्हिक्टरने यावर उपाय काढला तो स्वतःच्या स्वभावातून. तो कुणाशीही गप्पा मारू शकायचा. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक, ज्याने त्याच वर्षी सतीबंदीचा कायदा केला, त्याच्याशी आणि त्याच्या पत्नीशी व्हिक्टरची छान मैत्री जमली. तिथे काही महिने राहून त्याने हिंदुस्तानी शिकून घेतली, वनस्पती उद्यानात बसून इथली झाडं ओळखायला शिकला आणि नोव्हेंबर १८२९ मध्ये एक घोडा, बैलगाडी आणि मोजके नोकर घेऊन उत्तरेकडे निघाला. कंपनीचे साधे कॅप्टनसुद्धा याच्यापेक्षा मोठा लवाजमा घेऊन फिरत. तो त्याची थट्टा करत करत पत्रं लिहायचा.

पत्रं! हा माणूस आज जगाला माहीत आहे तो अर्धा झाडांमुळे आणि अर्धा पत्रांमुळे. वडिलांना, थोरला भाऊ पोर्फिर याला, मित्रांना, त्याने भारतभरातून पत्रं लिहिली. पत्र जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून जायचं. घरी पोहोचायला कितीतरी महिने, उत्तर यायला तेवढेच. म्हणजे आज विचारलेल्या खुशालीचं उत्तर पुढच्या वर्षी. तरी तो लिहीत राहिला. तंबूत, घोड्यावरून उतरल्यावर, थंडीने बोटं वाकडी झाली तरी. वडिलांना लिहिताना सूर नेहमी हसरा. ताप, जुलाब, चोरांची भीती, सगळं विनोदात गुंडाळलेलं.

काशी, मग मार्च १८३० मध्ये दिल्ली. लाल किल्ल्यात दुसरा अकबर शाह नावापुरता बादशहा होता. त्याच्या दरबारात व्हिक्टरला मानाची वस्त्रं मिळाली. त्या समारंभाचं खरं वजन किती, हे देणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि घेणाऱ्यालाही. तिथून तो शिमल्याला गेला आणि त्या उन्हाळ्यात सतलजच्या काठाने वर, किन्नौर आणि स्पितीच्या बाजूला चढत गेला, थेट चीनच्या ताब्यातल्या तिबेटच्या हद्दीपर्यंत. वाटेत कानम गावच्या बौद्ध मठाजवळ त्याला चोमा द कोरोश भेटला. हा हंगेरीचा विद्वान, आपल्या लोकांचं मूळ शोधत पायी निघालेला आणि शेवटी तिबेटी भाषेच्या शब्दकोशापाशी येऊन थांबलेला. घरापासून इतक्या दूर आलेली ही दोन माणसं, एका थंडगार डोंगरात समोरासमोर. काय बोलले असतील, याचा विचार मी बरेचदा करतो.

आणि नेमक्या त्याच दिवसांत, जुलै १८३० च्या अखेरीला, पॅरिसमध्ये क्रांती झाली. रस्त्यांवर अडथळे उभे राहिले, तीन दिवस लढाई झाली, राजा दहावा शार्ल पळाला आणि लुई फिलिप गादीवर आला. या सगळ्यात पुढे होता तो लाफायेत, ज्याच्या घरी व्हिक्टर झाडं ओळखायला शिकला. ज्या बदलाची स्वप्नं त्याच्या घरात वर्षानुवर्षं पाहिली गेली तो झाला, आणि हा मुलगा तेव्हा हिमालयात दगड फोडून बघत होता. त्याला बातमी कळली ती कित्येक महिन्यांनी. आनंद तर झालाच, पण आपण तिथे नव्हतो, ही रुखरुखही असणारच. वडील कसे आहेत, भाऊ कसा आहे, गोळी कुणाला लागली का, हे कळायला पुन्हा पुढच्या जहाजाची वाट.

इथे मला आमचा ऑगस्ट २०२४ आठवतो. इंग्लंडमधल्या काही शहरांत दंगली झाल्या, स्थलांतरितांच्या विरोधात जमाव रस्त्यावर उतरले. रेडिंगला आमच्या भागात तसं काही झालं नाही. पण ठाण्यात टीव्हीवर जळणारी गाडी दिसली की ती आमच्याच दारात जळतेय असं आईला वाटायचं. दिवसाला चार फोन. इथे काही नाही, सगळं नॉर्मल आहे, असं मी हसत सांगायचो. खरं म्हणजे त्या आठवड्यात आम्ही संध्याकाळी बाहेर पडत नव्हतो आणि बायको दुकानात एकटी जायला तयार नव्हती. पण हे कुठे सांगतो आपण?

असो. १८३१ मध्ये व्हिक्टर खऱ्या अर्थाने अशांत मुलखात शिरला. सतलजपलीकडे कंपनीचं राज्य संपायचं आणि महाराजा रणजितसिंगांचं सुरू व्हायचं. सहसा युरोपियन प्रवाशाला तिकडे फिरायला मिळत नसे. व्हिक्टरच्या उपयोगी पडली ती दोन माणसं. एक बेंटिंक, ज्याने शिफारस केली, आणि दुसरा जनरल अलार, नेपोलियनच्या फौजेतला जुना अधिकारी, जो आता रणजितसिंगांचं घोडदळ तयार करत होता. परमुलखात आपला माणूस भेटला की अर्धी कामं होतात, हे तेव्हाही खरं होतं.

मार्चमध्ये लाहोरला रणजितसिंगांची भेट झाली. एका डोळ्याने अधू, देहाने किरकोळ, लिहिता वाचता न येणारा हा राजा, पण त्याच्या प्रश्नांनी व्हिक्टर थक्क झाला. इंग्रज कसे, फ्रेंच कसे, बोनापार्ट कसा होता, स्वर्ग नरक आहे का, आत्मा म्हणजे काय, आणि मग स्वतःच्या पोटाच्या तक्रारीवर औषध कोणतं. प्रश्नांची सरबत्ती. भारतात भेटलेल्या माणसांत इतकी चौकस बुद्धी आपण पहिल्यांदा पाहिली, असं त्याने घरी कळवलं. त्याला डॉक्टरकी येत नव्हती, पण पाहुणा विद्वान आहे म्हणजे औषध येणारच, असा राजाचा समज.

राजाने काश्मीरला जायची परवानगी दिली. मिठाच्या डोंगररांगा आणि खाणी बघत तो डोंगरात शिरला. वाटेत एका किल्लेदाराने त्याला अडकवून ठेवलं आणि पैसे मागितले. राजाचा परवाना लाहोरला चालायचा, डोंगरातल्या किल्ल्यावर किल्लेदाराचा शब्द. व्हिक्टरने धीर सोडला नाही, घासाघीस केली, मागितले त्यापेक्षा बरेच कमी पैसे मोजले आणि सुटला. रणजितसिंगांना कळल्यावर ते फार संतापले.

त्याच सुमारास, ६ मे १८३१ रोजी, बालाकोटला शीख फौजेशी लढताना सय्यद अहमद बरेलवी मारले गेले. शिखांच्या राज्याविरुद्ध त्यांनी सरहद्दीवर काही वर्षं धर्मयुद्ध पुकारलं होतं. व्हिक्टर अगदी याच दिवसांत काश्मीर खोऱ्यात उतरत होता. म्हणजे डोंगराच्या एका बाजूला लढाई, आणि दुसऱ्या बाजूला एक फ्रेंच तरुण कागदात पानं दाबून ठेवतोय.

मे ते सप्टेंबर तो काश्मीरमध्ये राहिला. मुघलांच्या बागा, चिनार, सरोवर, सगळं पाहिलं. पण ज्या काश्मीरच्या सौंदर्याच्या कथा तो ऐकून आला होता, त्याऐवजी त्याला आधी दिसली ती गरिबी. शालींवर जबर कर, विणकरांची उपासमार, एकामागून एक आलेल्या राज्यकर्त्यांनी पिळून काढलेला मुलूख. हे त्याने लिहून ठेवलं. आणि काम मात्र झपाटल्यासारखं केलं. झाडं, मासे, पक्षी, खडक. या पश्चिम हिमालयातून त्याने जे वाळवून, बांधून पाठवलं त्यावरूनच पुढे १८४१ मध्ये स्पाख नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या पांढऱ्या भूर्जाला झाकमाँचं नाव दिलं. आज ते इंग्लंडच्या बागांमधून सर्रास लावतात.

तो काही संत नव्हता, हेही सांगायला हवं. गोऱ्या माणसाचा ताठा त्याच्यात होता. नोकरांवर, डोंगरातल्या गावकऱ्यांवर तो दमदाटी करायचा, आणि इथल्या लोकांबद्दलची त्याची काही मतं आज वाचताना राग येतो. ज्यांनी त्याच्या पेट्या पाठीवर वाहून डोंगर चढवले, त्यांपैकी कुणाचं नाव झाडाला मिळालं नाही. तरीसुद्धा माणूस म्हणून तो समोर उभा राहतो, कारण त्याने स्वतःला लपवलं नाही.

फेब्रुवारी १८३२ मध्ये दिल्ली सोडून तो दक्षिणेकडे वळला. राजस्थान, माळवा, मग आपला दख्खन. वेरूळची लेणी पाहिली, औरंगाबाद केलं आणि जूनमध्ये पुण्याला आला. पेशवाई जाऊन १४ वर्षं झाली होती. शहरात पटकीची साथ होती आणि त्याचंही पोट बिघडलं. त्यातून तो सावरला. पाऊस ओसरत आल्यावर घाट उतरून मुंबईकडे निघाला. इथून पुढे दक्षिणेत मलबारकडे जायचं, असा बेत होता.

मुंबईच्या आधी तो साष्टीत थांबला. साष्टी म्हणजे आज जिथे ठाणं, बोरिवली, अंधेरी आहे ते अख्खं बेट. तेव्हा तिथे दाट जंगल, दलदल आणि डास. पावसाळा संपतानाचं ते ऑक्टोबरचं ऊन ठाणेकरांना सांगायला नको. त्या उन्हात तो खडक आणि झाडं बघत जंगलातून फिरला. आमचं येऊर त्याच जंगलाचा उरलेला तुकडा. व्हिक्टरच्या समजुतीप्रमाणे त्याचं दुखणं तिथेच जडलं. ऑक्टोबरच्या अखेरीला त्याला मुंबईत आणलं तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. यकृतात गळू झालं होतं. आज अशा गळवावर औषधं आहेत. सोनोग्राफी करून सुईने पूही काढता येतो. १८३२ मध्ये यातलं काहीच नव्हतं.

निकोल नावाच्या एका इंग्रज व्यापाऱ्याने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. ओळख फारशी नाही, देश वेगळा, पण महिनाभर त्याची सेवा केली. डॉक्टरही जिवापाड झटत होते. आपण वाचत नाही, हे व्हिक्टरला समजलं. १ डिसेंबरला त्याने पाठीवर पडल्या पडल्या शेवटचं पत्र लिहिलं. ते वडिलांना नाही, पोर्फिरला. नेहमी वडिलांना हसवणाऱ्या माणसाला ही बातमी त्यांना स्वतःच्या हाताने द्यायची नव्हती. ती त्याने भावावर सोपवली. आपली काळजी घेणारे लोक फार चांगले आहेत, आपल्याला फार यातना नाहीत, असा धीर त्यात घरच्यांना दिला. जमवलेल्या पेट्या पॅरिसला कशा पोहोचवायच्या, याची व्यवस्था लावून दिली. थडग्यावर काय लिहायचं, तेही सांगून ठेवलं. नाव, जन्म, मृत्यू आणि साडेतीन वर्षं हिंदुस्थानात प्रवास केला एवढंच.

७ डिसेंबर १८३२ रोजी तो गेला. वय ३१. मुंबईतच त्याला पुरलं. ते शेवटचं पत्र समुद्रावर महिनोन् महिने प्रवास करत होतं, आणि तितके दिवस पॅरिसमध्ये वडिलांच्या लेखी त्यांचा मुलगा जिवंत होता.

पुढे १८३३ मध्ये त्याची पत्रं पुस्तकरूपाने आली आणि लगेच इंग्रजीतही गेली. त्याच्या प्रवासाचे मोठे ग्रंथ १८३५ ते १८४४ या काळात फ्रेंच सरकारच्या पाठबळाने निघाले. वनस्पतींचा भाग काँबेसेद आणि देकेन या दोघांनी लिहून पुरा केला. आणि १८८१ मध्ये, जवळपास ५० वर्षांनी, त्याच्या अस्थी मुंबईहून पॅरिसला नेल्या आणि ज्या संग्रहालयाने त्याला पाठवलं होतं तिथेच ठेवल्या.

आता माझी राहिलेली गोष्ट. नोकरी गेल्याचं मी घरी सांगितलं नव्हतं. बाबांचं वय ६८, उगाच काळजी कशाला, हा विचार. रविवारच्या व्हिडिओ कॉलला इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. फेब्रुवारीत व्हिक्टरच्या शेवटच्या पत्राबद्दल वाचलं त्या रात्री काही केल्या झोप येईना. दुसऱ्या दिवशी ताईला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. माझाही पोर्फिर म्हणजे ताईच. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, तू सांगितलंस म्हणून सांगते, बाबांची जानेवारीत अँजिओप्लास्टी झाली. तुला कळवायचं नाही अशी त्यांची ताकीद होती. व्हिडिओ कॉलला ते हॉस्पिटलातूनच बसले होते, मागे ओढणी बांधून!

काय बोलणार? दोन्हीकडे इस्त्रीचे शर्ट. व्हिक्टरच्या पत्राला सहा सहा महिने लागायचे, त्याचा नाइलाज होता. आमच्या हातात क्षणात चेहरा दाखवणारं यंत्र, आणि आम्ही त्याचा वापर एकमेकांपासून लपायला करत होतो.

मी त्याच रात्री बाबांना फोन लावला. आधी ते रागावले, मग मी रागावलो, मग आई दोघांवर रागावली. शेवटी मुदतीचे नऊ दिवस उरले असताना मला दुसरी नोकरी मिळाली. एप्रिलमध्ये पंधरा दिवस ठाण्याला जाऊन आलो. डॉक्टरांना विचारून बाबांना येऊरच्या फाटकापर्यंत हळूहळू चालत नेलं. वाटेत त्यांना व्हिक्टरची सगळी गोष्ट सांगितली. हा माणूस इथेच आजारी पडला म्हटल्यावर ते थबकले आणि जंगलाकडे बघत राहिले. मग नेहमीप्रमाणे एका झाडाकडे बोट दाखवून नाव विचारलं. मी नेहमीप्रमाणे चुकलो.

नवं ऑफिस जुन्यापासून दोन मैलांवर आहे. तिथे ती झाडं नाहीत. पण मी मुद्दाम वाट वाकडी करून कधीतरी जुन्या पार्किंगवरून जातो. पांढरी साल सुटून खाली पडलेली असते. परवा एक तुकडा उचलला, वहीत ठेवला, आणि पाकिटात घालून बाबांना पोस्टाने पाठवला. सोबत कागदावर चार ओळी, हाताने लिहिलेल्या. तब्येत कशी आहे ते खरं कळवा, असं लिहिलंय. मीही माझं खरं कळवलंय.

मंडळी, तुमच्या रविवारच्या कॉलचं तुम्ही बघा. मला एवढंच वाटतं, की आपल्याला पुढच्या जहाजाची वाट बघावी लागत नाही, तर त्याचा काही उपयोग करावा.